विमलच्या नावावर शिवलेलं

बातमीच्या पहिल्या ओळीत सगळं यावं लागतं — कोण, कुठे, कधी, काय केलं. आयुष्यभर मी इतरांच्या पहिल्या ओळी दुरुस्त केल्या. माझ्या या गोष्टीची पहिली ओळ मात्र मी कधी लिहिली नाही, बोललोही नाही — कुणापाशीच. आताही ती मी पुढे ढकलतोय. तुमच्या ते लक्षात आलंच असेल.

तर आधी सोपं तेवढं सांगतो.

मी जालन्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आता निवृत्त आहे. ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला. घर नदीच्या अलीकडे, जुन्या जालन्यात. डेस्कचं काम दुपारनंतर सुरू व्हायचं, त्यामुळे सकाळ मोकळी असायची. माझी पत्नी विमल अंगणवाडी सेविका होती, अजून आहे. ती सकाळीच बाहेर पडायची. मुलगी शाळेत जायची. घरात उरायचो मी आणि एक शिवणयंत्र.

ते यंत्र विमलच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. केदारखेड्याहून टेम्पोतून आलं तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. विमलला मात्र शिवणाची आवड नव्हती, कधीच नव्हती. यंत्रावर चादर टाकलेली असायची आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याला या यंत्राच्या नुसतं घरात असण्याचाही हातभार लागला. बाईच्या माहेरचं मशीन म्हटल्यावर ते कोण चालवतं, असं कुणी विचारत नाही.

एका सकाळी मी ते उघडलं. शिवायचं म्हणून नव्हे. मला एक प्रश्न पडला होता — वरचा दोरा रिळातून येतो, खालचा बॉबिनमधून. दोघांचीही मागची टोकं अडकलेली. मग दोन दोरे एकमेकांत गुंतायचे तर कुणाचं तरी टोक मोकळं पाहिजे ना? गाठ बसते कशी? मी सुईखालची पत्र्याची पट्टी सरकवली, चाक हाताने हळूहळू फिरवलं आणि वाकून पाहत राहिलो. सुई खाली जाते, वर येताना दोऱ्याचा बारीकसा फास मागे सोडते. एक आकडी तो फास पकडते, मोठा करते आणि अख्ख्या बॉबिनवरून ओढून पलीकडे नेते. टोक फिरतच नाही. अख्खं बॉबिनच फासातून निघून जातं. मला कितीतरी दिवस दुसरं काही सुचलं नाही.

मग कापड हवं झालं. नवं कापड आणलं असतं तर घरात विचारणा झाली असती. जुनं कुणी मोजत नाही. आमच्याकडे डोक्यावर पाटी घेऊन भांडेवाल्या येतात, जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं देतात. त्यांनी नेलेले कपडे पुढे आठवडी बाजारात ढिगाने येतात. मी त्या ढिगांपाशी जाऊन बसू लागलो. सुती लुगडी, इरकली, विटलेल्या साड्या, कुणाच्या तरी घरच्या पडद्यांचे तुकडे. अस्तराला बियाण्याच्या कापडी पिशव्या — त्या आमच्या जिल्ह्यात कुठेही मिळतात. धुतल्या तरी छापलेलं कणीस पुसट राहतं. ते आतल्या बाजूला घ्यायचं.

जुन्या कापडाचं एक असतं, जे नव्यात नाही. ते वापरणाऱ्या माणसाची माहिती देतं. लुगडं उजेडात धरलं की दिसतं — बसण्याच्या जागी विरलेलं, कमरेला खोचायच्या जागी फिकट आडवा पट्टा, ज्या खांद्यावर ऊन पडायचं तिथे रंग उडालेला. शेतात जाणाऱ्या बाईचं लुगडं वेगळं, दुकानात बसणारीचं वेगळं. काठ तेवढे शेवटपर्यंत टिकतात. मी काठ उसवून वेगळे काढायचो, मधला विरलेला भाग दुहेरी करायचो आणि त्यातून दारांचे पडदे, उशांचे अभ्रे, तोरणं, भिंतीवर लावायचे चौकोन शिवायचो. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिले अभ्रे असे झाले होते की उशी आत जाईना. विमलने ते पाहिले आणि म्हणाली, "ह्यात मुलीची पाटी बसल, उशी न्हाई बसायची."

म्हणजे विमलला पहिल्यापासून माहीत होतं. हेही नोंदवून ठेवतो.

पहिलं खोटं फार लहान होतं. समोरच्या घरातल्या कांतावहिनी काही द्यायला म्हणून आल्या आणि दारातच थांबल्या. मधल्या दाराला मी नवा पडदा लावला होता — दोन इरकली लुगड्यांचा, काठ उभे जोडलेले. त्यांनी पडदा हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"विमलवहिनी, हे तुम्ही शिवलं व्हय?"

विमलने तोंड उघडलं होतं. ती काय म्हणणार होती, ते मला ठाऊक आहे. तिच्याआधी मी बोललो — "मग काय! हिचंच काम."

वहिनी गेल्यावर विमल हसली. म्हणाली, "मला सुई बराबर ओवता येत न्हाई, आन् तुम्ही मला शिंपीण करून टाकली." मीही हसलो. त्या दिवशी तो आमच्या दोघांतला विनोद होता. विनोद किती दिवस विनोद राहतो?

मी हे का केलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला — अगदी दुसऱ्या कुणाचं प्रकरण असावं तसा. जालन्याच्या बाजारात शिंप्यांची रांग आहे. सगळे पुरुष. झालरी लावतात, लेस लावतात, ब्लाउज बेततात. त्यांना कुणी हसत नाही. मग मला कसली भीती होती? एवढंच हाती लागतं — दुकानात शिवणारा पुरुष शिंपी असतो, पण बायको कामावर गेल्यावर घरात बसून उशीच्या अभ्र्याला झालर लावणारा पुरुष, याला आमच्या गल्लीत शब्द नव्हता. शब्द नसला की लोक आपापला शब्द शोधतात. तो कोणता असेल, याची मला धास्ती होती. डेस्कवर मी कडक म्हणून ओळखला जायचो. हे कारण आहे. याने काही कमी होत नाही.

पुढे ते वाढत गेलं. येणारं-जाणारं माणूस घर पाहायचं, विमलचं कौतुक करायचं. मी तिला आधीच माहिती देऊन ठेवायचो — हा काठ कुठला, अस्तर कशाचं, हे जोड तिरपे का घेतले. ती लोकांना तेच सांगायची, आणि नीट सांगायची. अंगणवाडीत बोलायची तिला सवय होती. मधूनच मला म्हणायची, "एक डाव सांगून टाका ना. काय व्हतंय?" मी म्हणायचो, सांगू.

मग आमच्याच दैनिकाच्या महिला पुरवणीतली एक नवी वार्ताहर काही कामाने घरी आली. तिने पडदे पाहिले आणि लेख करायचं ठरवलं. मी नको म्हणू शकलो असतो. पण म्हटलं नाही. विमल तेव्हा माझ्याकडे पाहत होती. मग ती लेखासाठी बोलली — मी बाजूला बसून जिथे अडेल तिथे शब्द पुरवले. फोटोग्राफरने तिला मशीनवर बसवलं, पाय पायडलवर ठेवायला लावला, कापडावर हात, नजर कॅमेऱ्याकडे.

तो मजकूर डेस्कवर माझ्याच पुढ्यात आला. मी त्यातलं शुद्धलेखन पाहिलं. 'जरतारी' चुकून आलं होतं, ते काढलं, कारण लुगडी सुती होती. गावाचं नाव तपासलं. फोटोखालची ओळ मापात बसवली. प्रत्येक तपशील तपासून मी तो मजकूर पुढे सोडला. 'विमलताईंनी आपल्या हातांनी' हे शब्द तेवढे जसे होते तसे छापले गेले.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही. मशीनचा चामडी पट्टा ढिला झाला होता, म्हणून आखूड करायला मी फोटोच्याच दिवशी सकाळी चाकावरून उतरवला होता. फोटोत विमल हसत मशीन चालवतेय आणि पट्टा बाजूला लोंबतोय. पेपर गल्लीत पोचल्यावर रेहानाभाभी — त्या आमच्या मागच्या घरात फॉल-पिकोचं काम करतात — पेपर हातात घेऊनच आल्या.

"क्या वो भाभी, पट्टा तो उतरेला है! मशीन चलारे के पाव दबारे?"

विमल म्हणाली, फोटोवाल्याने घाई केली. रेहानाभाभी खूप हसल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. तो विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

आता कांतावहिनींच्या मुलीचं लग्न. इथून मला सावकाश लिहावं लागणार आहे.

लग्नाच्या आधी काही महिने कांतावहिनी एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाई, गयाबाई, आदल्या वर्षी वारल्या होत्या. गल्लीतलं प्रत्येक मूल त्यांच्या पदराशी खेळून मोठं झालेलं. गाठोड्यात गयाबाईंची लुगडी होती. कांतावहिनी विमलला म्हणाल्या, "पोरीला आजीचं कायतरी घेऊन जाऊ द्या. रुखवतात मांडू. पण बाजारच्या शिंप्याला द्यायला जीव व्हईना. आपल्या माणसाचा हात लागला पायजे वहिनी, म्हणून तुमच्याकडं आले."

मी तिथेच होतो. वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे उघडून धरलं होतं.

विमल आत गेली, पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. मी मान हलवली — घे, अशा अर्थाने. तिने गाठोडं घेतलं.

त्या लुगड्यांवर मी जेवढा वेळ दिला तेवढा कुठल्याच कापडावर दिला नव्हता. एका लुगड्याच्या पदराचं टोक चुरगळून कायमचं बसलं होतं. इस्त्रीने जाईना. मग आठवलं — गयाबाई पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात खडीसाखर ठेवायच्या. मूल दिसलं की गाठ सोडायची, खडा द्यायचा, परत गाठ. त्या गाठीच्या जागी कापडाने एक आकार धरला होता. ते टोक कापून टाकायचं सोडून मी ते अभ्र्याच्या बरोबर मधोमध घेतलं, चारी बाजूंनी काठ लावले. आणखी काही अभ्रे केले, दाराचं तोरण केलं, एक पडदा केला. विमलने ते कांतावहिनींच्या हाती दिलं तेव्हा वहिनींनी मधली चुरगळ बोटाने चाचपली आणि त्यांना रडू फुटलं. "आत्याबाईची गाठ," म्हणाल्या, "तुम्हाला बराबर आठवलं बघा." त्यांनी विमलला मिठी मारली. विमलचे दोन्ही हात तसेच खाली होते.

मला त्या क्षणी आनंद झाला होता. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. मला वाटलं — चीज झालं.

लग्न मंठा रोडच्या एका मंगल कार्यालयात होतं. मुलाकडचे तीर्थपुरीचे. रुखवत एका बाजूला लांब टेबलांवर मांडलं होतं. तुम्हाला ठाऊकच आहे की रुखवत मुलीकडच्यांनी हाताने केलेलं असावं लागतं, आणि मुलाकडच्या बायकांनी ते बाजारातून आणलं म्हणून चिडवायचं असतं. हा ठरलेला खेळ आहे. त्या म्हणणार विकतचं. या म्हणणार हातचं. भांडण होतं, हशा होतो, मग सगळ्या जेवायला बसतात.

मुलाची आत्या पुढे झाली. धिप्पाड बाई, गळ्यात चष्मा. अभ्रा उचलून म्हणाली, "लईच सुबक वो! बाजारातनं आणलं दिसतंय."

"बाजारातनं?" कांतावहिनी लगेच उसळल्या. "आमच्या विमलवहिनीनं शिवलंय. पेपरात फोटो आल्ता त्यांचा!"

"पेपरात आल्ता? मंग तर बघूच द्या. ए, सुई-दोरा आणा गं कुणीतरी. दोन टाके घाला म्हणावं वहिनीला, आम्हीबी शिकू."

सगळ्या हसत होत्या. सुई-दोरा आला. तोरणाच्या टोकाला एक मणी निसटला होता, तो लावायचा होता. विमल म्हणाली, चष्मा घरी राहिला. आत्याने गळ्यातला आपला चष्मा तिच्यापुढे धरला. विमल म्हणाली, आता नको, वेळ होईल. "वेळ? दोन टाक्याला?" कुणीतरी तिला खुर्चीत बसवलं. तिने सुई धरली. दोरा ओवला जाईना. बाजूच्या मुलीने ओवून दिला. विमलने टाका घातला आणि ओढला — आणि दोरा सगळाच्या सगळा बाहेर आला. तिने शेवटाला गाठ मारली नव्हती. ते तिला माहीतच नव्हतं.

आधी हशा झाला. मग तो हशा थांबला. ज्या पद्धतीने थांबला, ते मी पुरुषांच्या घोळक्यातून ऐकलं. मी फार लांब नव्हतो. मधे फक्त खुर्च्यांची रांग होती.

रेहानाभाभी तिथेच होत्या. त्या गंमत म्हणूनच बोलल्या, वातावरण हलकं करायला — "फोटो में बी पट्टा उतरेलाच था." पण आता ते हलकं राहिलं नव्हतं. कांतावहिनींनी एकदा विमलकडे पाहिलं, एकदा अभ्र्याकडे. मग त्या खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापुढे आल्या.

"भाऊजी, तुम्ही पेपरवाले. खोटं बोलायचे न्हाई. हे कुणाकडून शिवून घेतलं?"

विमल खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात अजून सुई होती.

मला काय सांगायचं होतं? 'मी शिवलं.' दोन शब्द. लोक हसले असते — मान्य. घोळक्यात ऑफिसचे दोघे-तिघे होते, त्यांनी ते डेस्कवर नेलं असतं. थोडे दिवस चाललं असतं. आणि कांतावहिनींना काय मिळालं असतं? गयाबाईंच्या लुगड्यांना आपल्याच माणसाचा हात लागलाय, समोरच्या घरातल्याच, हे कळलं असतं. त्यांना तेवढंच हवं होतं. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. नंतर सुचलेलं नाही.

मी म्हणालो, "बायकांच्या कामातलं मला काय कळतं वहिनी! तिलाच विचारा."

आणि हसलो. बाजूचे पुरुषही हसले.

ही माझी पहिली ओळ. आता ती लिहून झाली.

कांतावहिनी वळल्या. त्यांना विचारावंच लागलं नाही. विमल उठून उभी राहिली, सुई टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाहेरून शिवून घेतलं. चुकलं माझं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती हे का बोलली — मला वाचवायला, की मी काय लायकीचा आहे हे कळल्यावर आता कशालाच अर्थ उरला नाही म्हणून? मी तिला कधी विचारलं नाही. वार्ताहरांना मी सांगायचो, उत्तराची भीती वाटते तोच प्रश्न विचारायचा असतो.

लग्न लागलं. आम्ही अक्षता टाकल्या, जेवलो. पंगतीत विमलच्या शेजारची जागा रिकामी राहिली. मग कुणाचं तरी लहान मूल तिथे बसवलं. घरी परतताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "भात कच्चा व्हता." मी म्हणालो, हो.

काही दिवसांनी एक पिशवी आमच्या पायरीवर ठेवलेली सापडली. आत अभ्रे होते, पडदा होता, तोरण होतं. मुलगी सासरी गेली ती आजीचं काही न घेता गेली. पिशवी कुणी ठेवली ते पाहायची गरज नव्हती. कांतावहिनींनी भांडण केलं नाही, गल्लीत आरडाओरडा केला नाही. त्या विमलशी बोलतात. बोलतात म्हणजे, पाणी आलं का, एवढं विचारतात.

नाव मात्र पडलं. 'पेपरातली शिवणवाली.' हे आमच्या घरात ऐकू यायचं. गल्ली अरुंद आहे. त्याहून वाईट अंगणवाडीत झालं. तिथे विमल मुलांची वजनं करते, आयांना सांगते, कोणतं मूल भरलं, कोणतं उतरलं. आजवर तिचा शब्द कुणी मागे घ्यायला लावला नव्हता. लग्नानंतर एका बाईने मूल काट्यावरून उचलता उचलता म्हटलं, "हे तरी खरं सांगून राह्यल्या ना बाई? का हेबी बाहेरून आणलं?" बाकीच्या हसल्या. विमलने ते मला घरी येऊन सांगितलं — भाकरी थापताना, पाठमोरी, जसं एखाद्याने दुसऱ्या गावची बातमी सांगावी. मी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून तिने वजन केल्यावर आईला बोलावून काटा तिलाच वाचायला सांगायला सुरुवात केली. अजून तसंच करते. नवी मदतनीस आली, तिला वाटतं ही शिस्त आहे.

मी शिवणं सोडलं का? सोडलं असतं तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. काही महिने मशीनवर चादर पडली. मग एका सकाळी मी ती काढली. कापडाबद्दलचं कुतूहल माझं गेलं नाही. असं का होतं, हेही मला कळत नाही — ज्या कामामुळे एका माणसाचा शब्द गेला, त्याच कामात हात इतका स्थिर कसा राहतो? राहतो. आता निवृत्तीनंतर दुपारीही शिवतो. आठवडी बाजारात ढीगवाले मला ओळखतात. कुणासाठी नेता विचारलं तर मी म्हणतो, घरी लागतात.

ऑफिसमधली जुनी माणसं आता विखुरली. जे हसले असते त्यांतले काही राहिले नाहीत. म्हणजे ज्याची धास्ती होती ते कारणही उरलेलं नाही. कांतावहिनींचं दार माझ्या दारासमोर आहे. मधे एक नाली आणि तिच्यावरची फरशी, एवढंच अंतर. त्यांची मुलगी माहेरपणाला येते, दिवाळीत येते, मला वाकून नमस्कार करते. मी आशीर्वाद देतो.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवं भाडेकरू कुटुंब आलं. सून तरुण आहे, परभणीकडची, बोलकी. तिला आधीचं काही माहीत नाही. दुपारची ती विरजण मागायला आली आणि दारातच थांबली. मी आतल्या खोलीत मशीनवर होतो, दार लोटलेलं होतं. तिने मधल्या दाराचा पडदा पाहिला असावा — नवा होता, मोरपंखी लुगड्याचा, त्यातला एकच काठ मी आडवा घेतला होता, बघू कसा दिसतो म्हणून.

"कित्ती मस्त शिवलाय वो काकू! तुम्ही शिवला?"

विमलने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली, "बाजारातनं आणला."

माझा पाय पायडलवर होता आणि शिवण अर्धी झाली होती. मी चाकावर हात ठेवून ते थांबवलं. ती मुलगी विरजण घेऊन जिना चढून वर जाईपर्यंत मी हात काढला नाही.